ख्वांचकाराच्या उतारावरची घरगुती वायनरी: एका द्राक्षवालीचा अभिप्राय

जॉर्जियाला जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांना वाइन दाखवायला काखेती या पूर्वेकडच्या प्रांतात नेतात. तिबिलिसीहून सकाळी बस निघते, दिवसभरात तीन-चार वायनऱ्या होतात आणि रात्री परत. काखेती सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण द्राक्षाचं काम जवळून बघायचं असेल, तर देशाच्या दुसऱ्या बाजूला राचा नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तिथे जा. अंब्रोलाउरी गावाच्या पश्चिमेला, रिओनी नदीच्या वरच्या उतारावर एका कुटुंबाच्या घरी आम्ही गेलो होतो. त्यांच्या वाइनबद्दल आणि पाहुणचाराबद्दल हे लिहितेय. घराला पाटी नाही, दुकान नाही. अंब्रोलाउरीतल्या गेस्टहाऊसच्या बाईंनी फोन करून आमची वेळ ठरवून दिली. तिथल्या कुठल्याही गेस्टहाऊसमध्ये विचारलंत, तर अशी दोन-तीन घरं सहज सांगतील.

माझं मत ज्या नजरेतून आलंय ते आधी सांगायला हवं. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. बराचसा थॉमसन, म्हणजे खाण्याचं बिनबियांचं द्राक्ष, आणि एका तुकड्यात वाइनची द्राक्षं, ती करारावर एका वायनरीला जातात. मुलगी कुताइसीला एमबीबीएस करते. महाराष्ट्रातली बरीच मुलं आता तिकडे शिकायला आहेत. तिच्याकडे जायचं होतंच, पण मी मुद्दाम ऑक्टोबर धरला. आमच्याकडे तेव्हा गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, गडबड असते, घरातलं माणूस बाहेर पडणं अवघडच. धाकट्या दिरांनी बाग सांभाळायचं कबूल केलं म्हणून निघता आलं. राचात द्राक्षाची तोडणी, म्हणजे तिकडचं रतवेली, ऑक्टोबरातच होते आणि मला ती बघायची होती.

कुताइसीहून रस्ता त्किबुलीमार्गे जातो. हे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथून नाकेरालाची चढण लागते आणि वर शाओरीचं तळं. मार्शरुत्का, म्हणजे तिथली वडाप गाडी, दोन-अडीच तासांत अंब्रोलाउरीला सोडते. वाटेत निकोर्त्समिंदाचं चर्च आहे, 1010 ते 1014 या काळात बांधलेलं, बाहेरच्या दगडावरचं कोरीवकाम हेमाडपंती देवळं बघितलेल्या माणसालाही थांबवून ठेवील असं. स्वतःची गाडी केली असेल तर तिथे अर्धा तास द्याच. अंब्रोलाउरीत शिरताना ख्वांचकाराच्या, म्हणजे इथल्या प्रसिद्ध लाल वाइनच्या, बाटलीचा भलामोठा पुतळा उभा आहे, त्यावरून गावाचा जीव कशात आहे ते कळतं.

आता बाग. उत्तरेला काकेशसची मुख्य रांग, दक्षिणेला राचाची रांग आणि मधून रिओनी वाहते. चांगल्या बागा नदीच्या उजव्या तीरावर, म्हणजे उत्तरेकडच्या उतारावर आहेत. त्यांचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे दिवसभर ऊन मिळतं. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे ते साडेसातशे मीटर उंची. नाशिकच्या आसपासची उंचीही याच पट्ट्यातली, पण अक्षांश वेगळा, आणि सगळा फरक तिथे पडतो. आमच्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आम्हाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशी दोनदा कात्री चालवावी लागते, तेव्हा कुठे एक पीक पदरात पडतं. तिथे वेल हिवाळाभर बर्फात गप्प असतो, हिवाळा सरताना एकदाच छाटतात, वसंतात डोळे फुटतात आणि ऑक्टोबरात माल तयार. सहा-सात महिन्यांचा सावकाश प्रवास. त्यात शेवटचे आठवडे दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याचा गारवा, त्यामुळे साखर चढते पण आंबटपणा उतरून जात नाही. आमच्या वाइनच्या तुकड्यात फेब्रुवारी सरता सरता ऊन तापलं की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, वाढतो आणि आम्ल भराभर खाली येतं, दोन दिवस तोडणी लांबली तरी फरक पडतो. त्या उतारावर उभी राहून मणी चाखला तेव्हा जिभेवर आधी गोड आणि मागून लख्ख आंबट आलं. तशी चव मला आमच्या बागेत अजून मिळालेली नाही.

जाती दोन: अलेक्सांद्रोउली आणि मुजुरेतुली. दोन्ही काळ्या, बियांच्या. मणी लहान आहेत, घड आमच्या थॉमसनसारखा मोकळा केलेला नाही, थिनिंग नाही, मणी फुगवायला जीए या संप्रेरकात घड बुडवणं नाही. खाण्याच्या द्राक्षाला मणी मोठा लागतो, वाइनला साल जास्त लागते, तेव्हा लहान मणीच बरा. राचात पाऊस बऱ्यापैकी पडतो, म्हणून भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग तिथेही सुटलेले नाहीत. खांबांवर आणि खालच्या पानांवर निळसर डाग दिसले. मी बोट लावून बघितलं, तर मोरचूद. घरच्या आजोबांना मुलीने तिच्या मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये सांगितलं की आमच्याकडेही हेच मारतात, मोरचूद आणि चुना. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पुढची सगळी बाग मला स्वतः फिरून दाखवली. पाहुण्यांना दाखवायचा ठरलेला फेरा तिथेच संपला आणि एका शेतकऱ्याने दुसऱ्याला बाग दाखवणं सुरू झालं. पंप कुठला, नोझल कुठलं, किती दिवसांनी फवारता, सगळं विचारून झालं.

तोडणी हाताने होते. कुताइसी-तिबिलिसीत नोकरी करणारी मुलं, सुना, चुलत भावंडं सगळी त्या आठवड्यात गावी येतात. एरवी या प्रांतातली कितीतरी घरं कुलूप लावून बसलेली असतात, तरुण माणसं शहरात गेलीत. पण रतवेलीला अंगणात पोरं खेळत होती, बादल्या खणखणत होत्या, वरच्या वाफ्यातून कुणी हाक मारत होतं. आम्हालाही कात्र्या दिल्या. मी घड धरून दांडीपासून कापला, मण्याला बोट न लावता, तसा घरच्या सुनेने वरून माझ्याकडे बघून मान डोलावली. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला खरं काम देणारी जागा मला फार आवडते. दहा मिनिटं फोटोपुरती बादली धरायला लावत नाहीत, हवं तर दुपारपर्यंत तोडा.

वाइन करण्याची जागा घराच्या मागच्या अंगणात आहे. काखेतीत मातीचे ते मोठे रांजण, केव्हरी, खोलीच्या आत जमिनीत पुरलेले असतात. पश्चिम जॉर्जियात त्यांना चुरी म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी ते उघड्या अंगणातच पुरलेले असतात, फक्त तोंड वर. झाकण ठेवून वरून मातीने लिंपतात. आतून मेणाचा हात दिलेला असतो. या पद्धतीला युनेस्कोने 2013 मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. जॉर्जियातल्याच गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या मातीच्या भांड्यांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश सापडले, ते संशोधन 2017 चं. हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. पण रिकामी चुरी धुताना बघणं वेगळं. लांब काठीच्या टोकाला चेरीच्या सालीचे थर बांधून केलेला कुंचा असतो, तो आतून गोल गोल फिरवत राहायचं, पाणी उपसायचं, पुन्हा घालायचं, उपसलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. घरचा मुलगा घामाघूम झाला होता. वाइन बिघडते ती बहुतेक वेळा इथल्या आळसाने, असं त्याने सांगितलं, आणि त्यांच्या वाइनमध्ये मला कुठेही आंबूस, कुबट वास आला नाही त्याचं कारण समोरच होतं.

आजोबांनी घराची एक भिंत दाखवली. 29 एप्रिल 1991 चा राचाचा मोठा भूकंप. भिंत नंतर नव्याने बांधलीय, दगडाचा रंग वेगळा दिसतो. पुरलेल्या चुऱ्यांपैकी एक तडकली, बाकीच्या शाबूत राहिल्या आणि त्यातल्या दोन आजही वापरात आहेत. त्याआधी सोव्हिएत काळात द्राक्षं तोलून सरकारी कारखान्यात जायची. घरच्या वाइनपुरता एक छोटा तुकडा तेवढा आपला. 1985 मध्ये गोर्बाचेव्हची दारूविरोधी मोहीम आली तेव्हा देशात कितीतरी बागा उपटल्या गेल्या. मग सोव्हिएत राज्य संपून जमीन हातात आली, तर 2006 मध्ये रशियाने जॉर्जियाची वाइन बंद केली, ती 2013 पर्यंत. मुख्य गिऱ्हाईकच गेलं. आजोबा म्हणाले, तेव्हापासून थोडी करतो पण आपल्या नावाने बाटली भरतो. मी मुलीला पुन्हा विचारायला लावलं, नीट समजलं ना म्हणून. आमचा थॉमसन तयार झाला की हातात मोजके दिवस असतात, व्यापारी भाव पाडून मागतो आणि माल वेलीवर ठेवता येत नाही म्हणून द्यावाच लागतो. एका व्यापाऱ्याकडचे आमचे पैसे अजून यायचे आहेत. ह्या घरात तोडलेलं द्राक्ष संध्याकाळपर्यंत चिरडून चुरीत जातं आणि मग घाई संपते. विकायचं पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आपल्या भावाने. मला त्या अंगणात सगळ्यात जास्त हेवा वाटला तो ह्याचा.

आता चाखण्याबद्दल. टेबल अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली मांडतात. आधी तेत्रा, राचाचीच पांढरी जात, हलकी गोडसर. उन्हातून आल्यावर बरी वाटली, लक्षात राहण्याजोगी नाही. मग ख्वांचकारा, ज्यासाठी लोक एवढा डोंगर चढून येतात. वर सांगितलेल्या दोन काळ्या जातींपासून केलेली, निसर्गतः अर्धगोड, म्हणजे वरून साखर घातलेली नाही, द्राक्षातलीच साखर पूर्ण आंबायच्या आधी थांबवलेली. लिटरला साधारण 30 ते 50 ग्रॅम गोडी राहते. पूर्वी राचाची थंडीच हे काम करायची. नोव्हेंबर-डिसेंबरात गारठा वाढला की आंबणं आपोआप थांबायचं, पण वसंतात ऊब आली की पुन्हा सुरू होण्याचा धोका असायचा. आता हे कुटुंब ख्वांचकारा चुरीत करत नाही. गार करता येणाऱ्या स्टीलच्या टाकीत करतात आणि बारीक गाळून बाटली भरतात. ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. काही पाहुण्यांना हे ऐकून वाईट वाटतं म्हणे, मला उलट बरं वाटलं. जे काम पूर्वी हवामानाच्या भरवशावर होतं ते आता हातात आलंय. वाइन तलम, तुती आणि डाळिंबाची आठवण देणारी, गोड असूनही घशाशी चिकटत नाही, कारण तो आंबटपणा मागे उभा असतो. ज्यांना रेड वाइन तुरट म्हणून नको वाटते त्यांनी सुरुवात इथून करावी. माझ्या मुलीला हीच आवडली.

पण माझ्या मते या घराची खरी वाइन तिसरी: तीच अलेक्सांद्रोउली, पूर्ण आंबवलेली, कोरडी, चुरीतली. आठ-दहा दिवस सालांसकट आंबते, वर आलेला सालांचा थर दिवसातून तीन-चार वेळा काठीने खाली ढकलतात, मग साल काढून वाइन परत चुरीत हिवाळाभर. रंग फार गडद नाही. वास आधी लाजतो, पेला पाच मिनिटं ठेवला की खुलतो: डाळिंबाचे दाणे, काळी मिरी, ओल्या मातीचा किंचित गंध. तुरटपणा आहे, पण मऊ. जेवणाबरोबर दोन पेले सहज जातील अशी, डोकं जड न करणारी. ख्वांचकारा प्रसिद्ध आहे आणि ही नाही, म्हणून बहुतेक पाहुणे हिला वळसा घालून जातात. आजोबा मात्र स्वतः जेवताना हीच घेत होते.

शेवटी चाचा येतो, सालांच्या चोथ्यापासून काढलेली कडक दारू. एक घोट मानासाठी घ्या, पुढे गाडी किंवा चढण असेल तर तिथेच थांबा. नाही म्हटलं तर कुणी आग्रह धरत नाही. बाईमाणसाने नाही म्हणावं किंवा घ्यावं, दोन्हीकडे तिथे भुवया उंचावल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

जेवण पैशात धरलेलं असतं आणि भरपूर असतं. मचादी म्हणजे मक्याची भाकरीच, जाडसर, तव्यावरून थेट ताटात. अक्रोड-लसणाचं वाटण लावलेली पालेभाजी, ताजं चीज, टोमॅटो-काकडी, आंबट आलुबुखारची चटणी. श्कमेरुली, म्हणजे दुधातल्या लसणाच्या रश्शातली कोंबडी, ही मूळ याच प्रांतातल्या श्कमेरी गावची, आणि लसूण इतका असतो की खानदेशी माणूसही खूश होईल. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा: लोबियानी ही राजम्याचं सारण भरलेली रोटी इतरत्र शाकाहारी मिळते, पण राचात त्यात डुकराचं धुरावलेलं मांस घालायची पद्धत आहे. फोन करतानाच सांगितलंत तर वेगळी करून देतात, आमच्यासाठी केली. जेवताना आजोबा उभे राहून दर पेल्याला काहीतरी बोलतात: आधी शांततेसाठी, मग गेलेल्या माणसांसाठी, मग पोराबाळांसाठी. माझ्या सासऱ्यांनी आमची बाग लावली, ते गेले, असं मुलीने सांगितलं तेव्हा सगळं टेबल उभं राहिलं आणि त्यांच्या नावाने पेला झाला. त्यांनी आयुष्यात कधी वाइन घेतली नाही. तरीही मला ते फार मोलाचं वाटलं आणि घरी आल्यावर सासूबाईंना मी जसंच्या तसं सांगितलं.

अडचणी आहेत. इंग्रजी घरच्या सुनेला थोडंफार येतं, बाकी कुणाला नाही. रशियन येत असेल तर सोपं जाईल, नाहीतर सोबत कुणी दुभाषी घ्या किंवा फोनवरचं भाषांतर ठेवा. आमच्या मुलीला रुग्णांशी बोलण्यापुरती जॉर्जियन शिकावी लागते, तीच कामी आली. बाग उताराची आहे, पाऊस होऊन गेला असेल तर पाय घसरतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाने अंगणातच बसावं, तिथूनही नदी आणि पलीकडची रांग दिसते. स्वच्छतागृह मागच्या बाजूला, चार दगडी पायऱ्या उतरून, रात्री उजेड कमी. कार्ड चालत नाही, रोख लारी, म्हणजे तिथलं चलन, लागतात. आणि भाव कुठे लिहिलेला नाही. हे मला खटकलं. भाव योग्यच सांगितला, पण नवख्या माणसाला विचारायला संकोच वाटतो. एक कागद भिंतीला लावला तर दोघांचंही सोपं होईल, आणि असं मी सुनेला सांगूनही आले.

आम्हाला चाखणं आणि जेवण मिळून माणशी 70 लारी पडले. बाटली ख्वांचकाराची 45, कोरडीची 35. लारी साधारण 30 रुपयांना धरा. शहरातल्या दुकानात ख्वांचकारा नावाची बाटली याहून स्वस्त मिळेल, पण हे नाव नोंदणी झालेलं, ठराविक पट्ट्यातल्या द्राक्षांपुरतंच आहे. आपल्या नाशिक व्हॅली वाइनलाही असंच भौगोलिक मानांकन आहे. तो पट्टा मी डोळ्यांनी बघितला, फार छोटा आहे. खूप स्वस्त बाटली दिसली, तर मागच्या लेबलवर द्राक्षाच्या जाती आणि गाव लिहिलंय का ते वाचा.

जायचं असेल तर ऑक्टोबरचे मधले दोन आठवडे बघा, आणि आदल्या दिवशी फोन कराच, कारण पाऊस आला की तोडणी पुढे जाते. एका दिवसात कुताइसीहून जाऊन परत येणं जमतं, पण संध्याकाळी चिरडायचं काम सुरू होतं तेव्हा तुम्ही मार्शरुत्कात बसलेले असाल. म्हणून अंब्रोलाउरीत मुक्काम करा. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे दोन बाटल्या. बाटल्या विमानात चेक-इन करायच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. मी एक ख्वांचकारा आणि एक कोरडी आणली. दोन्ही कोरड्या आणल्या असत्या तरी चाललं असतं, पण घरच्यांना फरक दाखवायचा होता. ख्वांचकारा आधी संपवा, गोडी शिल्लक असलेली वाइन आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवण्यासारखी नाही. कोरडी फ्रिजमधून काढून वीस मिनिटांनी ओता, आणि सोबत लसणाची फोडणी दिलेलं काहीतरी ठेवा.